वाटीखालची बर्फी

फेब्रुवारीत भोपाळच्या अरेरा कॉलोनीतल्या आमच्या घरी लेकीचं डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, अंगणातल्या आंब्याखाली सजवलेला झोपाळा आणि सगळ्यात शेवटी दोन उपड्या वाट्या. एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. लेकीनं उजवीकडची वाटी उचलली, खाली बर्फी निघाली आणि ‘मुलगी, मुलगी’ करत बायकांनी घर डोक्यावर घेतलं.

जेवण बाहेरून मागवलं होतं. मसालेभात, कटाची आमटी, बटाट्याची भाजी. सगळं वाफाळतं आणि सगळं पातळ प्लास्टिकच्या गोल डब्यांत. आमटीच्या डब्याचं झाकण वाफेनं फुगलं होतं. लेकीची एक मैत्रीण डॉक्टर आहे. तिनं तो डबा लेकीच्या हातातून काढून घेतला आणि मला म्हणाली, “हिला घरच्या पातेल्यातलं काहीतरी वाढा, काकू. याचा त्रास नातवंडांपर्यंत जातो.”

माझी आई ८४ वर्षांची. ग्वाल्हेरच्या जुन्या वाड्यात संसार केलेली, कान अजून तिखट. ती म्हणाली, “आमटी खाणार ही आणि भोगणार हिची नात? मध्ये हिची लेक आहे ना. ती कुठे गेली?”

मी ३० वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, तरी आईच्या त्या प्रश्नाला उभ्याउभ्या उत्तर देता आलं नाही. नंतर दोन-तीन आठवडे वाचत बसले. तिला जे सांगितलं तेच इथे सांगते आहे. गरोदर बाई असलेल्या प्रत्येक घरात हा प्रश्न विचारला जायला हवा.

पाटावर एक, हिशेबात तीन

वाटीखालची बर्फी खरी ठरणार असं धरून चालू या. लेकीला सातवा महिना, म्हणजे पोटातली मुलगी जेमतेम किलोभर वजनाची. तरी तिची बीजकोशाची जोडी तयार आहे आणि त्यात तिला आयुष्यभर पुरायची सगळी स्त्रीबीजं भरलेली आहेत. नवी बीजं नंतर बनत नाहीत, असंच आजवरचं शास्त्र सांगतं. गर्भाच्या साधारण विसाव्या आठवड्यात ही संख्या शिगेला पोचते, ६० ते ७० लाखांवर. मग ती घसरत जाते. जन्माच्या वेळी १० ते २० लाख उरतात, पाळी सुरू होताना ३ ते ४ लाख. त्यातली जेमतेम ४०० ते ५०० आयुष्यात पक्व होऊन बाहेर पडतात.

ही नुसती मोजदाद झाली. त्या बीजांच्या आत काय चाललेलं असतं ते जास्त महत्त्वाचं. प्रत्येक स्त्रीबीजाला आपल्या ४६ गुणसूत्रांची वाटणी करून २३ ठेवायची असतात. या वाटणीची सुरुवात गर्भाच्या तिसऱ्या महिन्याच्या सुमारास होते. गुणसूत्रांच्या जोड्या जुळतात, एकमेकींना धरतात, तुकड्यांची अदलाबदल करतात आणि मग तशाच थांबतात. पुढची पायरी पंधरा, वीस, कधी चाळीस वर्षांनी, ते बीज पक्व होताना. सुरुवातीला एखादी जोडी सैल बांधली गेली, तर ती चूक तितकी वर्षं निमूट पडून राहते.

आता आईच्या बाजूनं पाहा. ती ग्वाल्हेरला गरोदर होती तेव्हा मी तिच्या पोटात होते आणि ज्या बीजापासून पुढे माझी लेक झाली ते माझ्या इवल्याशा बीजकोशात होतं. आई कल्हईच्या पातेल्यातलं वरण खायची तेव्हा ते आम्हां तिघींना मिळत होतं. हे सांगितल्यावर आई बराच वेळ नातीकडे पाहत राहिली. “म्हणजे हिला मी वाढवलंय,” एवढंच म्हणाली.

पोटात मुलगा असेल तर हिशेब थोडा वेगळा. शुक्रजंतू वयात आल्यावर रोज नव्यानं बनतात. पण ज्या मूळ पेशींपासून ते बनतात त्या गर्भातच वृषणात येऊन वस्तीला बसतात. त्यांना पोसणाऱ्या, सांभाळणाऱ्या पेशींना सर्टोली पेशी म्हणतात. त्यांची संख्याही मुख्यतः गर्भात आणि बालपणात ठरते. एक सर्टोली पेशी ठरावीक शुक्रजंतूंनाच सांभाळू शकते, त्यामुळे गर्भात त्या कमी पडल्या तर पुढे कारखाना कायमचा लहान राहतो.

आईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. मधली लेक कुठे जात नाही. गरोदर बाईच्या रक्तात एखादा पदार्थ आला की तो तिला, तिच्या गर्भाला आणि त्या गर्भाच्या बीजपेशींना एकाच वेळी भेटतो. तीन पिढ्या, एक दुपार. ज्या पिढीला तो पदार्थ मुळीच शिवलेला नाही अशी पहिली पिढी म्हणजे पणतवंडांची. तिच्यातही परिणाम दिसला तर गूढ वाढतं. त्याकडे पुढे येतेच.

कणकेतलं तेल, माळेचा दोरा

प्लास्टिकमधून अन्नात काय उतरतं? प्लास्टिक हा एक पदार्थ नाही आणि सगळी प्लास्टिकं सारखी वाईटही नाहीत. या गोष्टीत दोन मुख्य पात्रं आहेत.

पहिलं, थॅलेट. पीव्हीसी हे प्लास्टिक मुळात कडक आणि ठिसूळ. ते मऊ, लवचिक व्हावं म्हणून त्यात थॅलेट नावाची तेलकट रसायनं मिसळतात. पुरणपोळीची कणीक सैल व्हावी म्हणून आपण तिला तेल पाजतो, तसंच. ते तेल कणकेशी रासायनिक गाठ बांधत नाही, मध्ये मध्ये शिरून बसतं. म्हणून कणीक नुसती हातात धरली तरी हात तेलकट होतात. थॅलेटचंही तेच. त्यातून तूप, तेल, साय असं काही स्निग्ध त्याला लागलं की ते आनंदानं तिकडे जातं, कारण ते तेलातच विरघळणारं. मेणकापड, रेनकोट, लवचिक नळ्या यांत ते पुष्कळदा असतं. अन्नात ते कारखान्यातल्या नळ्यांमधून आणि वेष्टनांतूनही येतं. अत्तरं आणि सौंदर्यप्रसाधनांत थॅलेटची आणखी काही भावंडं असतात.

दुसरं पात्र, बिस्फेनॉल ए. हे प्लास्टिकमध्ये मिसळत नाहीत, त्याचंच प्लास्टिक बनवतात. बिस्फेनॉलचे मणी एका दोऱ्यात ओवले की पॉलिकार्बोनेट तयार होतं, काचेसारखं पारदर्शक आणि आपटलं तरी न फुटणारं. माळ घट्ट आहे तोवर मणी जागेवर. पण उष्णता आणि साबणातला क्षार मिळून दोरा जागोजागी तोडतात आणि मणी सुटे होतात. पत्र्याच्या डबाबंद खाद्यपदार्थांच्या आतल्या अस्तरात आणि दुकानात मिळणाऱ्या गुळगुळीत, उष्णतेनं छापलेल्या बिलांवरही हेच रसायन वापरत आले आहेत. बिलावर तर ते माळेत ओवलेलंही नसतं, पावडरीसारखं सुटंच असतं.

ई-चारचं पत्र ई-एकमध्ये

आता ही रसायनं शरीरात गेल्यावर करतात काय? ती काही विंचवासारखी डसत नाहीत. ती निरोपांचा घोळ घालतात.

आमच्या कॉलोनीत घरांचे पत्ते ई-एक, ई-दोन असे चालतात आणि पुढे घराचा आकडा. एका अंकाच्या फरकानं ई-चारचं पत्र ई-एकमधल्या त्याच आकड्याच्या घरी जातं, हे इथल्या प्रत्येकानं अनुभवलं आहे. शरीरातली संप्रेरकं, म्हणजे हार्मोन, अशीच पत्रं आहेत. एका ग्रंथीत लिहिली जातात, रक्तातून जातात आणि ज्या पेशीवर योग्य नावाची पेटी आहे तिथेच पडतात. पेशी पत्र उघडते आणि कामाला लागते. बिस्फेनॉलची घडण स्त्रीसंप्रेरक इस्ट्रोजेनशी काहीशी मिळतीजुळती. त्यामुळे ते इस्ट्रोजेनच्या पेटीत जाऊन पडतं आणि पेशी ते खरं पत्र समजून वाचते. हे साम्य योगायोगानं उघड झालेलं नाही. १९३०च्या दशकात लंडनच्या चार्ल्स डॉड्स यांनी कृत्रिम इस्ट्रोजेन शोधताना बिस्फेनॉल ए तपासलं होतं आणि ते दुर्बळ इस्ट्रोजेनसारखं वागतं हे नोंदवलं होतं. पॉलिकार्बोनेट त्यानंतर पंधरावीस वर्षांनी आलं. थॅलेटची चाल उलटी. ते गर्भातल्या मुलग्याच्या वृषणात टेस्टोस्टेरॉन तयार होण्यालाच खीळ घालतं, म्हणजे पत्र लिहिलंच जात नाही.

इतक्या थोड्याशा रसायनानं काय होणार, असं विचारतात. पातेलंभर दुधाला विरजण किती लावतो आपण? संप्रेरकांचा कारभार मुळात विरजणाच्या मापाचा आहे. मोठ्या माणसाच्या शरीरात निरोपाचा घोळ झाला तर बहुतेकदा तो निस्तरला जातो. गर्भाचं तसं नाही. मुलग्याचे अवयव मुलग्यासारखे घडायचा काळ मोजका, आठव्या ते चौदाव्या आठवड्याच्या आसपासचा. त्या दिवसांत टेस्टोस्टेरॉनचा निरोप कमी पडला तर नंतर भरपूर मिळूनही राहिलेलं काम पुरं होत नाही. लागत्या विरजणाला धक्का बसला की दही मोडतं, मग पुन्हा ढवळून उपयोग नसतो.

परळचे उंदीर

हे सगळं कुठेतरी दूर अमेरिकेतच कळलं असा समज असतो. मुंबईत परळला, जहांगीर मेरवानजी मार्गावर, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची प्रजनन आरोग्याला वाहिलेली एक संस्था आहे. आता तिचं नाव राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था. तिथे डॉ. गीता वनगे आणि त्यांचे सहकारी सालियन व दोशी यांनी केलेलं काम २००९ साली प्रसिद्ध झालं. मराठी घरांत ते ठाऊक असायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

त्यांनी गाभण उंदरांच्या माद्यांना तोंडावाटे बिस्फेनॉल दिलं, गर्भाच्या बाराव्या दिवसापासून ते पिल्लं २१ दिवसांची होईपर्यंत. मात्रा किती? शरीराच्या दर किलोमागे रोज १.२ किंवा २.४ मायक्रोग्रॅम. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. त्या काळी अमेरिका आणि युरोपात माणसासाठी सुरक्षित मानलेली रोजची मर्यादा होती किलोमागे ५० मायक्रोग्रॅम. परळची मात्रा तिच्या विसाव्या आणि चाळिसाव्या हिश्श्याच्या आसपास होती.

नर पिल्लं मोठी झाली. त्यांच्या शुक्रजंतूंची संख्या आणि चपळाई दोन्ही घटलेली. त्यांच्यापासून गर्भ राहिले, पण रुजल्यानंतर गळून जाणाऱ्या गर्भांचं प्रमाण वाढलेलं. वृषणात संप्रेरकांच्या ‘पत्रपेट्या’ कमी झालेल्या. संशोधक तिथे थांबले नाहीत. पिल्लांची पिल्लं आणि त्यांचीही पिल्लं त्यांनी तपासली. बिघाड पिल्लांपासून मोजल्यास तिसऱ्या पिढीपर्यंत, म्हणजे पणतवंडांपर्यंत, दिसत राहिला आणि त्या पिढीला बिस्फेनॉल कधी शिवलंही नव्हतं.

याच गटानं २०११मध्ये आणखी एक दुवा दाखवला. नुकत्याच जन्मलेल्या नर पिल्लांना पहिले पाच दिवस बिस्फेनॉल दिलं. ती मोठी झाल्यावर त्यांच्या वृषणातल्या इस्ट्रोजेन-पेटीच्या जनुकाजवळ नको तितक्या रासायनिक खुणा चिकटलेल्या आढळल्या. या खुणा म्हणजे काय, तेच आता सांगते.

दिवाळीच्या रंगकामात राहिलेली पट्टी

घरात एखाद्या बटणानं धक्का बसत असेल तर आपण त्यावर चिकटपट्टी लावतो. बटण तिथेच असतं, तारही शाबूत, पण कुणी ते दाबत नाही. आपल्या जनुकांवर पेशी अशाच पट्ट्या लावते. मिथाइल नावाचा कार्बन-हायड्रोजनचा छोटा पुंजका जनुकाच्या तोंडाशी चिकटवला की ते जनुक सहसा गप्प राहतं. जनुकाचा मजकूर बदलत नाही, तो वाचायचा की नाही एवढं बदलतं. डोळ्याच्या पेशीत यकृताची बटणं बंद असतात, त्यात या पट्ट्यांचाही वाटा असतो. या व्यवस्थेला अधिजनुकीय म्हणतात, म्हणजे जनुकांच्या वरची.

मग आजीच्या पट्ट्या नातीकडे जायला नकोत का? निसर्गानं त्याची काळजी घेतली आहे. दिवाळीआधी घर रंगवायला काढतात तशा दोन वेळा या पट्ट्या खरवडून काढल्या जातात. एकदा गर्भधारणेनंतर पहिल्या काही दिवसांत आणि एकदा गर्भाच्या बीजपेशी तयार होताना. दुसऱ्या सफाईनंतर त्या बीजपेशींवर नव्यानं, नीट जागच्या जागी पट्ट्या लावल्या जातात. हेच सगळ्यात नाजूक दिवस. याच दिवसांत चुकीचे निरोप आले तर पट्टी भलत्या बटणावर बसते. आणि रंगारी कितीही कसबी असला तरी कुठल्यातरी कोपऱ्यातली पट्टी रंगाखाली तशीच राहते. मग पुढच्या वर्षीही ती तिथेच.

वॉशिंग्टन राज्य विद्यापीठातल्या मायकेल स्किनर यांच्या गटानं २०१३मध्ये हेच प्लास्टिकच्या मिश्रणानं करून पाहिलं. बिस्फेनॉल ए आणि दोन थॅलेट गाभण उंदरांना आठव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत दिले, म्हणजे नेमके बीजपेशींच्या रंगकामाच्या काळात. पणतवंडांच्या पिढीत बीजकोशाचे विकार, वृषणाचे विकार, वयात येण्यातला बिघाड आणि लठ्ठपणा दिसले. त्या पिढीच्या शुक्रजंतूंवर १९७ ठिकाणी पट्ट्या बदललेल्या होत्या. त्यांच्या मात्रा परळपेक्षा खूपच मोठ्या होत्या, हे मात्र लक्षात ठेवायला हवं.

स्त्रीबीजांची गोष्ट अपघातानं उलगडली. १९९८च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या क्लीव्हलँड इथे पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत कुणीतरी छोट्या उंदरांचे पॉलिकार्बोनेटचे पिंजरे चुकून फरशी धुण्याच्या क्षारी द्रावणानं धुतले. माळेचा दोरा तुटला. अगदी निरोगी माद्यांच्या बीजांत गुणसूत्रांच्या वाटणीची गडबड एक-दोन टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेली. हंट यांना कारण सापडायला आणि सिद्ध करायला काही वर्षं लागली. मग २००७मध्ये त्यांनी गाभण माद्यांनाच बिस्फेनॉल दिलं आणि पोटातल्या माद्यांची बीजं तपासली. गुणसूत्रांच्या जोड्या तिथेच, गर्भातच, चुकीच्या बांधल्या जात होत्या. त्या माद्या मोठ्या झाल्यावर त्यांची बीजं आणि गर्भ सदोष निघाले. आजीनं खाल्लं, लेकीच्या बीजात उमटलं, नातीपर्यंत गेलं.

माणसांत काय दिसलं

उंदीर म्हणजे माणूस नव्हे आणि या विषयात शास्त्रज्ञ एकमतानं बोलतात असंही नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं केलेल्या मोठ्या अभ्यासाचा अहवाल २०१८मध्ये आला. बिस्फेनॉलचे परिणाम नगण्य, असा निष्कर्ष त्या प्रशासनानं काढला. त्याच प्रकल्पात भाग घेतलेल्या विद्यापीठांतल्या कित्येक संशोधकांनी मात्र आपापल्या आकड्यांवरून कमी मात्रेचे परिणाम दाखवले. मला परळ आणि हंट यांचं काम जास्त पटतं. त्यात बिघाडाची पायरी न् पायरी दिसते.

माणसाच्या तीन पिढ्या पाहायला साठ-सत्तर वर्षं लागतात. तरी एक पुरावा जुना आणि भक्कम आहे. डॉड्स यांनीच १९३८मध्ये बनवलेलं डाइइथिलस्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन गर्भपात टाळण्यासाठी म्हणून अमेरिकेत १९४०च्या दशकापासून १९७१पर्यंत लाखो गरोदर बायकांना दिलं गेलं. १९७१मध्ये बोस्टनच्या आर्थर हर्ब्स्ट यांना योनीचा एक अतिशय दुर्मीळ कर्करोग तरुण मुलींमध्ये आढळला. आठपैकी सात जणींच्या आयांनी गरोदरपणी ते औषध घेतलेलं होतं. पुढे त्या पिढीच्या कित्येक मुलींमध्ये गर्भाशयाची वेडीवाकडी घडण, वंध्यत्व, अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं दिसली आणि त्यांच्याही मुलींमध्ये पाळीची अनियमितता जास्त आढळली. ते प्लास्टिक नव्हतं, औषध होतं, आणि मात्रा प्रचंड. पण इस्ट्रोजेनच्या पेटीत भलतं पत्र पडलं तर ते किती पिढ्या वाचलं जातं, हे त्यानं माणसात दाखवलं. कॅलिफोर्नियात १९५९ ते १९६७मध्ये जपून ठेवलेल्या गरोदर बायकांच्या रक्ताच्या नमुन्यांवरून बार्बरा कोहन यांच्या गटानं २०२१मध्ये दाखवलं, की ज्या आज्यांच्या रक्तात डीडीटी या कीटकनाशकाचा एक विशिष्ट प्रकार जास्त होता त्यांच्या नातींना पाळी लवकर येण्याचं आणि लठ्ठपणाचं प्रमाण जास्त आहे.

थेट थॅलेटबद्दल बोलायचं तर शॅना स्वान यांचं २००५चं काम वाचावं. गरोदर बायकांच्या लघवीत काही थॅलेटचे अंश जितके जास्त, तितकं त्यांच्या मुलग्यांमधलं गुदद्वार आणि जननेंद्रिय यांतलं अंतर कमी. हे अंतर मुलग्यांत मुलींच्या जवळजवळ दुप्पट असतं आणि गर्भात टेस्टोस्टेरॉन पुरेसं मिळालं का, याची ती खूण आहे. २०१५मध्ये ७५०हून अधिक नवजात बाळांच्या अभ्यासात एका प्रमुख थॅलेटबाबत तेच पुन्हा दिसलं. शुक्रजंतूंची संख्या पाश्चात्त्य देशांत १९७३ ते २०११ या काळात निम्म्याहून खाली आल्याचं स्वान आणि हगाई लेवीन यांनी २०१७मध्ये मांडलं. त्यामागे तंबाखू, वजन, ताण अशी पुष्कळ कारणं असू शकतात. सगळं खापर प्लास्टिकवर फोडणं शास्त्राला धरून होणार नाही.

चौकट: स्वयंपाकघरात काय ओळखायचं

*डब्याच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो. १ म्हणजे पेट, पाण्याची नेहमीची बाटली. ४ म्हणजे दुधाच्या पिशवीचं मऊ प्लास्टिक. ५ म्हणजे झाकणाचे जाड डबे. ही प्लास्टिकं बिस्फेनॉलची बनत नाहीत. ३ म्हणजे पीव्हीसी, थॅलेटचं घर. ७ म्हणजे ‘इतर’ आणि त्यातच पॉलिकार्बोनेट येतं. वीस लिटरचे कडक पारदर्शक जार पुष्कळदा त्याचे असतात.*

*आकडा कोणताही असो, उकळती आमटी, तापलेलं तेल-तूप आणि मायक्रोवेव्ह या तिन्हींपासून प्लास्टिक लांब ठेवावं. लोणचं बरणीत. चरे पडलेला, धुरकट झालेला डबा अन्नासाठी वापरू नये. भोपाळच्या मे महिन्यात उन्हात तापत उभ्या गाडीतला जार टाळावा. दुकानातलं गुळगुळीत बिल बाळाच्या हातात देऊ नये.*

*ही रसायनं शरीरात साठून राहत नाहीत, बहुतांश एक-दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातात. २०११च्या एका अमेरिकी अभ्यासात पाच कुटुंबांतल्या २० जणांना तीन दिवस वेष्टनाशिवायचं ताजं अन्न दिलं. त्यांच्या लघवीतलं बिस्फेनॉल सरासरी ६६ टक्क्यांनी उतरलं.*

बाईला बोल लावू नका

चौकट लिहिताना मला एक भीती वाटत होती. अशा यादीचा शेवट गरोदर सुनेला टोमणे मारण्यात होतो. बाळात काही उणं निघालं की ‘तूच तो डबा तापवलास’ म्हणणारं कुणीतरी घरात असतंच. हे अन्यायाचं आहे. नळीतलं थॅलेट, डब्याचं अस्तर, बिलाचा कागद यांची निवड तिनं केलेली नाही.

ती निवड सरकार आणि कारखाने करतात आणि त्यांनी ठरवलं तर फरक पडतो. युरोपनं २०११मध्ये दूध पाजायच्या बाटल्यांत बिस्फेनॉल ए बंद केलं. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोनं २०१५च्या मानकात तेच केलं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२३मध्ये रोजची सुरक्षित मर्यादा किलोमागे ४ मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅमवर आणली, म्हणजे एकदम २० हजार पटींनी खाली. जर्मनीच्या संस्थेला हे टोकाचं वाटलं आणि तिनं तसं सांगितलंही. तरी २०२४च्या डिसेंबरात युरोपनं अन्नाला लागणाऱ्या वस्तूंतून बिस्फेनॉल ए हद्दपार करण्याचा नियम केला.

पण ‘बिस्फेनॉल ए-विरहित’ असं छापलेली प्रत्येक वस्तू निर्धोक नसते. कित्येक ठिकाणी त्याची जागा बिस्फेनॉल एसनं घेतली, नाव एका अक्षरानं बदललं आणि घडण जवळपास तीच. हंट यांच्या प्रयोगशाळेनं नव्या प्लास्टिकचे पिंजरे आणले होते. तेही झिजले आणि २०१८मध्ये त्यांना तसाच बिघाड पुन्हा नोंदवावा लागला. एकेका रसायनामागे वीस-वीस वर्षं धावण्यापेक्षा साऱ्या बिस्फेनॉल कुळावर एकत्र बंधन घालणं शहाणपणाचं, असं माझं मत आहे.

आमच्या गावाची नोंद

हे सगळं ऐकून झाल्यावर आई म्हणाली, “पोटातल्याला बाहेरचं लागतं हे भोपाळच्या माणसाला वेगळं सांगायला नको.”

ती बोलत होती ते प्लास्टिकबद्दल नव्हतं. २ डिसेंबर १९८४च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटलेला मिथाइल आयसोसायनेट हा संप्रेरकांचा घोळ घालणारा पदार्थ नव्हता, सरळ विष होतं. एका रात्रीचा वर्षाव आणि रोजचा थेंब यांची बरोबरी होत नाही. शहराच्या ५६ वॉर्डांपैकी ३६ बाधित ठरले. दक्षिणेकडची आमची वस्ती जुन्या शहराच्या मानानं बचावली. कारखान्याजवळ त्या वेळी गरोदर असलेल्या ८६५ बायकांची पाहणी दयाराम वर्मा यांनी १९८७मध्ये मांडली. त्यातल्या ४३.८ टक्के गर्भधारणांचा शेवट जिवंत बाळात झाला नाही. २०२३मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे वापरून त्या काळात गर्भात असलेल्या पुरुषांकडे पाहिलं. त्यांच्यात काम करण्यात अडथळा आणणारं अपंगत्व जास्त, कर्करोगाचा धोका जास्त आणि शिक्षण कमी. हा परिणाम कारखान्यापासून १०० किलोमीटरपर्यंत जाणवला.

ही झाली पोटातली पिढी. हिशेबातली तिसरी अजून आहे. जयप्रकाश नगर आणि छोला भागातल्या ज्या बायकांना त्या रात्री चौथा-पाचवा महिना चालू होता, त्यांच्या पोटातल्या मुलींचे बीजकोश भरत आले होते. त्या मुली आता चाळिशीच्या आहेत. ज्या बीजांपासून त्यांची मुलं झाली ती बीजं त्या रात्री त्याच गल्ल्यांत होती. ती मुलं आज शाळा-कॉलेजात आहेत. भोपाळमध्येच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय पर्यावरण आरोग्य संशोधन संस्था आहे. या तिसऱ्या पिढीतल्या मुलींना पाळी कितव्या वर्षी आली, लग्नानंतर दिवस राहायला किती काळ लागतो, हे विचारून लिहून ठेवायचं काम याच वर्षांत होऊ शकतं. त्यांच्यातल्या थोरल्या मुलींची डोहाळजेवणं आता लवकरच सुरू होतील.